आपल्या पगारात कुणाचा पैसा येतो, हे बघावं का?

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते नाहीतर शेंगाचटणी, पण आज गावातले बरेच संसार युनिफॉर्मवर चालतात, शाळेचे, हॉस्पिटलचे, सिक्युरिटीवाल्यांचे, कुठले कुठले युनिफॉर्म इथून शिवून बाहेर जातात. आता समजा एखाद्या कारखान्यात मशीनवर बसलेल्या बाईपुढं फिकट निळ्या शर्टांचा गठ्ठा आला, आणि हे शर्ट ज्या पोलिसांच्या अंगावर जाणार ते पोलीस सध्या जगभर वादात आहेत. तिनं काय करावं? बाही जोडावी का मशीन बंद करावं?

हे मी बसल्या बसल्या रचलेलं नाही. केरळात कन्नूर जिल्ह्यात मरियन अ‍ॅपरल नावाचा कारखाना आहे, तिथं इस्रायली पोलिसांचे शर्ट कित्येक वर्षं शिवले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटलं, आणि मालकांनी जाहीर करून टाकलं की शांतता होईपर्यंत त्यांची नवीन ऑर्डर घेणार नाही. देशभर बातमी झाली, कुणी वाहवा केली, कुणी शिव्या घातल्या. पण निर्णय मालकाचा होता, त्यांना तो घेता आला. मशीनवरच्या बाईकडं तो अधिकार नाही, काउंटरवरच्या क्लार्ककडं नाही, हिंजवडीत बसून कोड लिहिणाऱ्या पोराकडंही नाही. मग ह्यांनी त्यात डोकं घालावं का, का आपलं काम भलं नि आपण भलं म्हणून गप बसावं?

माझं म्हणणं सरळ सांगून टाकतो. डोकं घालावं, पण आपल्या खुर्चीच्या मापानं. आता हे माप कसं काढायचं, त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

आधी वादग्रस्त संबंध म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण सगळं एकाच पोत्यात घातलं की भांडणच होतं, उत्तर मिळत नाही. सगळ्यात सरळ म्हणजे गिऱ्हाईक, आपला माल किंवा आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतंय. मग गुंतवणूक. एलआयसीचंच घ्या, टर्म पॉलिसी काढताना सिगारेट ओढणाऱ्याला जास्त हप्ता लावणारी ही संस्था आयटीसीची, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीची, मोठी शेअरहोल्डर आहे. ह्यात बेकायदा काही नाही, आणि आमच्या गल्लीतल्या एलआयसी एजंटनं ह्यापायी झोप उडवून घ्यावी असंही मी म्हणत नाही, पण संबंध आहे तो आहे. मग राजकीय पैसा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं इलेक्टोरल बॉन्ड, म्हणजे राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायचे रोखे, घटनाबाह्य ठरवले, १४ मार्चला निवडणूक आयोगानं यादी वेबसाइटवर टाकली आणि कोणत्या कंपनीनं किती कोटींचे बॉन्ड घेतले ते लोकांना दिसलं, सगळ्यात वर फ्यूचर गेमिंग ही लॉटरीवाली, १,३६८ कोटी. त्या यादीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या साध्या माणसाला तोपर्यंत हे कळायची सोयच नव्हती, कारण बॉन्डची सगळी गंमतच गुप्ततेत होती. जे कळायची सोयच नव्हती त्याचा दोष कुणाला लावता येत नाही, हा मापातला पहिला भाग.

आणि देणगी. हे आपल्याकडं जास्त समजतं, कारण शाळा-कॉलेजात गेटवर, हॉलवर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतंय. अमेरिकेतली एमआयटी (पुण्यातली नव्हे ओ) तिथल्या मीडिया लॅबनं जेफ्री एपस्टीन ह्या माणसाकडून पैसे घेतले, तेही २००८ साली अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात त्यानं गुन्हा कबूल केल्यानंतर. आणि आतल्या रेकॉर्डवर काही देणग्या निनावी म्हणून दाखवल्या. २०१९ मध्ये हे बाहेर आलं आणि डायरेक्टर जोइची इतो ह्यांना राजीनामा द्यावा लागला. ऑफिसात देणग्यांची नोंद करणाऱ्या माणसाला मात्र हे खूप आधी माहीत होतं, कारण नाव लिहू नका म्हणून त्यालाच सांगितलेलं असतं. जी देणगी घ्यायची आहे पण दाखवायची नाही, तिथं काहीतरी शिजतंय हे समजायला एथिक्सचा कोर्स लागत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, जरा सविस्तर सांगतो.

१९७० साल, अमेरिकेत पोलरॉइडची चलती होती, फोटो काढला की तिथल्या तिथं हातात. तिथं कॅरोलिन हंटर नावाची केमिस्ट होती आणि केन विल्यम्स नावाचा फोटोग्राफर, दोघंही कृष्णवर्णीय. कंपनीतच एके ठिकाणी त्यांना एक नमुन्याचं ओळखपत्र दिसलं, फोटो ओळखीच्या सहकाऱ्याचा आणि वर छापलेलं दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव. त्या काळात दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला पासबुक घेऊनच फिरावं लागायचं, कुठं राहायचं, कुठं काम करायचं, कोणत्या भागात पाऊल टाकायचं, सगळं त्यावर, जवळ नसलं की थेट अटक. आणि त्या पासबुकात चिकटवायचा फोटो झटपट काढायचं तंत्र पोलरॉइडचं. दोघांनी लायब्ररीत बसून माहिती काढली, पत्रकं छापली, कंपनीच्या भिंतींवर लावली. आधी कंपनी म्हणाली असं काही नाहीच. मग म्हणाली माणसं पाठवून चौकशी करतो. मग १९७१ मध्ये तोडगा काढला की सरकारला थेट विकणार नाही, पण तिथल्या डिस्ट्रिब्यूटरमार्फत बाकीचा धंदा चालू राहील, कामगारांचे पगार वाढवू, शिक्षणाला देणग्या देऊ. विल्यम्सनं नोकरी सोडली, हंटरला कंपनीनं काढून टाकलं.

झालं, संपलं, असं कुणालाही वाटेल. पण १९७७ मध्ये त्या डिस्ट्रिब्यूटरकडं काम केलेल्याच एका माणसामुळं कागद बाहेर आले, माल गुपचूप सरकारकडंच जात होता, खोक्यावर नाव नाही, आणि बिल एका औषधाच्या दुकानाच्या नावानं! मग मात्र पोलरॉइडनं दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद केला. सात वर्षं लागली, आणि दोन्ही वेळेला खबर आतल्याच माणसानं दिली.

कर्मचाऱ्यानं लक्ष का घालावं ह्याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण, बाकी नीतीची भाषणं नंतर. पत्रकाराला, सरकारला, शेअर घेणाऱ्याला जे दोन वर्षांनी कळतं ते खोकं बांधणाऱ्याला त्याच दिवशी दिसतं. ज्याला आधी कळतं त्याच्यावर थोडा जास्त भार येतोच, त्यानं मागितला असो वा नसो.

ह्यावर आपल्याकडं हमखास येणारं उत्तर म्हणजे खाल्ल्या मिठाला जागावं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मला ह्या उत्तराची टिंगल करायची नाही, माणूस कारखान्यात तीस वर्षं काढतो, मालकानं पोरीच्या लग्नाला उचल दिलेली असते, ते काही खोटं नसतं. पण मिठाचा हिशोब करायचाच तर भीष्मांपासून करू. माणूस पैशाचा दास असतो, कौरवांनी मला पैशानं बांधलंय, असं युधिष्ठिराला ते स्वतःच सांगतात, आणि सभेत द्रौपदीची विटंबना होताना सगळ्यात वजनदार माणूस असून गप्प बसतात. त्याच सभेत विकर्ण उठून बोलला, कौरव असून, आणि तरी पुढं लढला कौरवांकडूनच. आणि युयुत्सू, कौरवांचाच सावत्र भाऊ, ऐन रणांगणावर बाजू बदलून पांडवांकडं निघून गेला. म्हणजे गप बसणं आणि सोडून जाणं ह्यांच्यामध्ये विकर्णाची जागा आहे, आणि बहुतेक नोकरदारांना परवडणारी जागा तीच आहे. लोक उगाच दोन टोकांवर भांडत बसतात.

आणि सोलापुरात तरी कामगारानं पगारापलीकडं बघू नये म्हणायची सोय नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली म्हणून इथल्या गिरण्यांतले कामगार संपावर गेले, त्यात पगाराचा प्रश्नच नव्हता, पुढं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. सकाळी पुण्याला जाणाऱ्या गाडीचं हुतात्मा हे नाव त्यांच्यामुळंच, आणि त्याच गाडीतून आमची पोरं आयटीत कामाला जातात.

दुसरं हमखास उत्तर, मी नाही केलं तर दुसरा करेल. हे बऱ्याच वेळा खरं असतं, मान्य. पण ह्याचा अर्थ एवढाच की तुमच्या नकारानं काम थांबेलच असं नाही, तुमचा हात त्यात नव्हता असा काही त्यातून निघत नाही. चोरीच्या मालाचा टेम्पो दुसऱ्या कुणीतरी चालवलाच असता, म्हणून चालवणारा सुटतो का?

तर हात किती जवळ, हा मापाचा दुसरा भाग, आणि तिसरा म्हणजे तुमच्या हाताला जोर किती. ह्याबद्दल एक खटला सांगतो, फार भयंकर आहे पण ह्याच्याइतकं स्पष्ट दुसरं उदाहरण मला मिळालं नाही. हॅम्बुर्गमध्ये टेश आणि श्टाबेनो नावाची कंपनी होती, काम किडे, उवा, उंदीर मारायच्या गॅसचं, आणि हाच त्सिक्लोन-बी गॅस त्यांनी ऑशविट्झला, नाझींच्या मृत्यूछावणीला, पुरवला, जिथं तो माणसांवर वापरला गेला. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी कोर्टात तिघांवर खटला चालला. मालक ब्रुनो टेश, त्याचा उजवा हात कार्ल वाइनबाखर, जो मालक बाहेरगावी असताना सगळी कंपनी चालवायचा, आणि योआखिम ड्रोझीन नावाचा टेक्निशियन. मालकाला आणि वाइनबाखरला फाशी झाली. ड्रोझीन सुटला. कोर्टापुढं प्रश्न फक्त त्याला माहीत होतं का एवढाच नव्हता, माल जाणं थांबवायची किंवा त्यावर काही प्रभाव टाकायची त्याची कुवत होती का हाही होता, आणि तशी ती नव्हती.

कायद्याच्या दृष्टीनं सुटला. त्याच्या मनातलं त्याला माहीत. पण माणसाकडून किती अपेक्षा करायची ह्याची रेष कुठं मारायची ते ह्यातून कळतं, आणि मला ती बरीचशी पटते.

ह्याच रेषेवरून आमच्या विडी कामगार बायकांकडं बघा. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कातरीनं मापात कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, आणि मजुरी हजारावर. दिवसभर मान खाली, संध्याकाळी कारखान्यात नेली की त्यातल्या काही बाद. तंबाखूनं कॅन्सर होतो हे तिला माहीत नाही असं समजू नका, तिच्या घरात कुणीतरी खोकत असतंय. पण तिला जाऊन विचारायचं की बाई तुमच्या उत्पादनाच्या सामाजिक परिणामांचं काय, हे मला तरी निर्लज्जपणाचं वाटतं. तिला माहिती आहे, हातही तिचाच आहे, पण जोर शून्य, आणि काम सोडायची किंमत म्हणजे उद्याची भाकरी. तोच प्रश्न त्याच कंपनीत जाहिरातीचं बजेट ठरवणाऱ्याला विचारला तर तो शंभर टक्के योग्य आहे. गंमत अशी की आपण प्रश्न नेहमी खालच्याला विचारतो, वरच्याबरोबर चहा पितो.

मधल्या खुर्चीचं उदाहरण माझ्या घरातलंच आहे. भाचा पुण्यात आयटीत, त्याच्या कंपनीला ऑनलाइन रमीच्या अ‍ॅपचं काम मिळालेलं. मला म्हणाला, मामा, मी तर फक्त पेमेंटचं पेज बघतो. मग लॅपटॉप उघडून त्यानंच दाखवलं. ‘पैसे भरा’ हे बटण हिरवंगार, अंगठ्याखाली येईल तिथं, एका टचमध्ये काम फत्ते. ‘पैसे काढा’ कुठं, तर मेनूत आत, मग परत केवायसी, मग एक पान येतं की आत्ता काढले तर बोनस जाईल, नक्की काढायचे का. ही सगळी पानं त्यानंच एकामागं एक लावलेली. तो दाखवता दाखवताच जरा शांत झाला. पुढच्या मीटिंगमध्ये त्यानं लीडला विचारलं की पैसे काढायला एवढे अडथळे कशाला, तर उत्तर मिळालं क्लायंट लीगल आहे, आपण सांगितलेलं करायचं. राजीनामा वगैरे काही दिला नाही त्यानं, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि मी पण दे म्हणालो नाही.

पण लीगल आहे ह्या उत्तराचं पुढं काय झालं बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशाचे ऑनलाइन गेम बंदच केले, ड्रीम इलेव्हननं पैशाच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय टीमच्या जर्सीवरचं नाव गेलं, ह्या धंद्यातल्या कंपन्यांनी धडाधड माणसं कमी केली. भाच्याचं प्रोजेक्ट बंद, टीम बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. म्हणजे नीतीबिती बाजूला ठेवा, निव्वळ स्वार्थ म्हणून बघितलं तरी आपल्या कंपनीचा पैसा कसल्या धंद्यातून येतो ते माहीत असलेलं बरं, कारण वादातला धंदा कोलमडला की आधी कुणाचं आयडी कार्ड जमा होतं ते आपण बघतोच. सत्यम ह्या आयटी कंपनीत ७ जानेवारी २००९ ला तिचे प्रमुख रामलिंग राजूंनी हिशोबात हजारो कोटींचा घोळ असल्याचं पत्र लिहिलं, तेव्हा तिथं जवळजवळ पन्नास हजार माणसं होती, त्यांतल्या बहुतेकांचा त्या घोळाशी काडीचा संबंध नव्हता, तरी बायोडेटावर सत्यम लिहिताना चाचरायची वेळ त्यांच्यावर आली.

आता विचारून काही होतं का? कधी होतं, कधी नाही, आणि फरक बहुतेक वेळा नीतीचा नसतो, बाजाराचा असतो. २०१८ मध्ये गूगलच्या लोकांना कळलं की कंपनी अमेरिकी संरक्षण खात्याला ड्रोनचे व्हिडिओ एआयनं तपासायला मदत करतीये, प्रोजेक्ट मेवन नाव. तीन हजारांवर लोकांनी पत्रावर सह्या केल्या, काहींनी नोकरी सोडली, आणि जूनमध्ये कंपनीनं सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याच गूगलमध्ये इस्रायल सरकारबरोबरच्या क्लाउडच्या कॉन्ट्रॅक्टवरून काही लोक ऑफिसात ठिय्या मारून बसले, तर सुरुवातीलाच २८ जणांना काढलं, नंतर अजून काहींना. मधल्या काळात काय बदललं? जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं १२,००० माणसं कमी केली होती. इंजिनिअर मिळत नव्हते तेव्हा कंपनी ऐकत होती, रांग लागल्यावर ऐकेनाशी झाली, निदान मला तरी तसंच दिसतं. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये, शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही हे वचनसुद्धा गूगलनं आपल्या धोरणातून काढून टाकलं. म्हणजे जिंकलेलं पण कायमचं नसतं.

भारतात कायद्याचा आधार किती, ते डोळे उघडे ठेवून बघा. सत्येंद्र दुबे ह्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या इंजिनिअरनं सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा असं कळवलेलं असताना पत्र नावासकट खात्यांत फिरलं, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर बरीच चर्चा होऊन २०१४ मध्ये व्हिसल ब्लोअर, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा पास झाला, पण तो लागू करायची तारीखच वर्षानुवर्षं निघाली नाही, आणि तोही सरकारी कारभारापुरताच. खासगीत बघायचं तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणं शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँकांकडून ५० कोटींवर कर्ज घेणाऱ्यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावीच लागते, कंपनीच्या वेबसाइटवर व्हिजिल मेकॅनिझम ह्या नावानं ती सापडते. एमआयडीसीतल्या वीस मशीनच्या कारखान्याला ह्यातलं काही लागू नाही. आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी फेसबुकवर लिहायच्या आधी आपल्या सेवेचे वर्तणूक नियम बघावेत, सरकारवर जाहीर टीकेला तिथं मनाई आहे.

एक गोष्ट नीट वेगळी करा, नाहीतर नुकसान तुमचंच होईल. बेकायदा असलेलं आणि तुम्हाला न पटणारं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खोटी बिलं, नापास माल पास करणं, हिशोबात फेरफार, इथं तक्रारीला जागा आहे, ऑडिटर आहे, शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी आहे, आणि सही तुमची असेल तर वरून सांगितलं होतं हे कारण तुम्हाला वाचवणार नाही. न पटणारं गिऱ्हाईक, न पटणारी राजकीय देणगी, इथं कायदा तुमच्या मागं उभा नाही, इथं तुमच्याकडं फक्त प्रश्न आहे, चार सहकारी आहेत, आणि असलीच तर युनियन. एकट्यानं विचारलं तर माणूस काड्या करणारा ठरतो, दहा जणांनी विचारलं की तो कामाचा मुद्दा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातल्या बंदर कामगारांच्या एका फेडरेशननं इस्रायलला जाणारी शस्त्रं चढवणार-उतरवणार नाही असं जाहीर केलं, ते त्यांना बोलता आलं कारण मागं संघटना होती.

विचारायचं ते शक्यतो लेखी, आणि साध्या भाषेत. आरोप करू नका, प्रश्न करा. हा माल शेवटी कुणाकडं जातो, ही देणगी निनावी का, ह्या कामातून मला दुसरीकडं घेता येईल का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात, पण बरेच मॅनेजर तेवढं करतात, कारण त्यांनाही कटकट नको असते. कंपनीची कागदपत्रं, डेटा स्वतःच्या पेन ड्राइव्हवर किंवा जीमेलवर घेऊ नका, मुद्दा कितीही बरोबर असला तरी चोरीच्या नावाखाली तुम्हीच अडकाल, त्याआधी वकिलाला दोन पैसे द्या. आणि सोडायचंच ठरलं तर सगळ्या ग्रुपवर निरोपाचं भाषण टाकायच्या आधी नोटीस पिरियड बघा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का बघा, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला दोन महिने राहिले असतील तर ते काढा आणि मग जा.